ज्युबिली आणि आमचे माळरान

सर्वसमर्थ परमेश्वराच्या कृपेने आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचा हा मंगल प्रसंग आम्हां सर्वांस पाहावयास मिळत आहे. ख्रिस्तमंदिराची उभारणी, येथे सेवा करून गेलेले पूज्य धर्मगुरू व धर्मभगिनी, तसेच निरनिराळी मंडळे यांचा वृत्तांत वाचकांस या स्मरणिकेच्या इतर पानांतून मिळेलच. आम्ही मात्र या लेखात एका निराळ्या साक्षीदाराचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. हा साक्षीदार मंदिराच्या पायाखाली आहे व मंदिराच्या भिंतीबाहेरही आहे. आणि येथे पहिली मिस्सा अर्पण होण्यापूर्वी युगानुयुगे तो आपल्या निर्मात्याची मूक स्तुती करीत आला आहे. घोड व भीमा या नद्यांच्या काठचा शिरूर-दौंडचा माळ, हाच तो साक्षीदार होय.

माळाला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. जेथे वाडे नाहीत, किल्ले नाहीत, जेथे कुसळी गवत उगवते व वाळते, तेथे सांगण्याजोगे काय घडले असणार? या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर प्रथम एका शब्दाचा उलगडा करावा लागेल.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आपण दरवर्षी शुभवर्तमानात ऐकतो की, पवित्र आत्म्याने प्रभू येशूला अरण्यात नेले व तेथे तो चाळीस दिवस राहिला. अरण्य हा शब्द कानी पडताच आमच्या डोळ्यांपुढे दंडकारण्य उभे राहते: घनदाट झाडी, वेलींच्या जाळ्या आणि सूर्यकिरणांस मज्जाव करणारी सावली. परंतु पवित्र भूमीतील ते अरण्य असे नव्हे. इब्री भाषेत त्यास मिद्बार म्हणतात, आणि मेंढपाळ जेथे आपले कळप चारावयास नेतात तो उघडा, कोरडा प्रदेश, असा त्या शब्दाचा आशय आहे. तेथे झाड विरळा, काटेरी झुडपे फार. दगड उदंड, पाणी दुर्मिळ. एक पाऊस पडला की तो प्रदेश हिरवा होतो आणि चार आठवड्यांच्या उन्हात पुन्हा पिवळा पडतो. रात्री तेथे लांडगा हिंडतो व मेंढपाळ आपल्या कळपाभोवती जागा राहतो. हे वर्णन ऐकून शिरूर-दौंडच्या माणसास आपल्याच गावाबाहेरचा माळ आठवला नाही तर नवल! अरण्य या शब्दाने आम्ही दूर कोठेतरी जे पाहत होतो, ते आमच्या उंबऱ्याशी आहे.

एवढे ध्यानी आले म्हणजे पवित्र शास्त्रातील कितीतरी प्रसंग जवळचे वाटू लागतात. मोशे सासऱ्याची मेंढरे राखीत असताना त्याला देवाची हाक आली, ती एका काटेरी झुडपातून. देवदार वा जैतून न निवडता देवाने कोणी वळूनही पाहिले नसते असे झुडूप निवडले आणि त्या उजाड जमिनीलाच पवित्र म्हणून मोशेला पायतण काढावयास लावले. इस्राएल लोक चाळीस वर्षे अशाच मुलखातून चालले. तेथेच त्यांस नियमशास्त्र मिळाले व रोजचा मान्ना मिळाला. एलिया संदेष्टा जीव वाचविण्यासाठी रानात पळाला. होरेब पर्वतावर वारा, भूकंप व अग्नी यांच्या मागून आलेल्या अगदी मंद स्वरात त्याला देवाचे सान्निध्य कळले. बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यातच घडला. आणि संत मार्क आपल्या प्रभूच्या चाळीस दिवसांविषयी थोडक्यातच लिहितो, तरी एक गोष्ट सांगावयास विसरत नाही: प्रभू तेथे वनपशूंच्या संगतीत होता. पहिला आदाम ज्या सलोख्याला मुकला, तो दुसऱ्या आदामाने अरण्यात पुन्हा साधला, असा अर्थ ख्रिस्तसभेतील अनेक भाष्यकारांनी या प्रसंगातून काढलेला आहे.

पुढे ख्रिस्तसभेला राजाश्रय मिळू लागला, तेव्हा पुष्कळ भाविक पुन्हा अरण्याकडे वळले. त्यांच्या अग्रभागी असलेले संत अंतोनी मिसर देशाच्या वाळवंटात दीर्घकाल तप करून सन ३५६ मध्ये देवाघरी गेले. त्यांची एक जुनी कथा आहे. एका विद्वानाने त्यांस विचारले की, ग्रंथांवाचून आपले येथे कसे चालते? संतांनी सांगितले की, देवाने निर्माण केलेली सृष्टी हाच आपला ग्रंथ असून तो केव्हाही उघडून वाचता येतो. त्यानंतर सुमारे बारा शतकांनी, १५२२ साली, स्पेन देशातील मानरेसा गावी कार्दोनेर नदीच्या काठी बसलेल्या संत इग्नासींच्या अंतःकरणात असा प्रकाश पडला की, सर्व गोष्टी त्यांस नव्या दिसू लागल्या. सर्व वस्तूंच्या ठायी देव पाहावा, ही शिकवण त्यांच्या येशूसंघाने जगभर नेली. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले व १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. आमच्या मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र गाणाऱ्या त्या महाग्रंथाचा आरंभ सृष्टीच्या उत्पत्तीपासून होतो, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. मराठी ख्रिस्ती माणसास देवाची ओळख करून देताना प्रथम आकाश, पाणी, वृक्ष व पशू यांचीच ओळख करून द्यावी लागली!

आता आपण आपल्या माळाकडे येऊ. सह्याद्री पावसाचे बहुतेक सर्व ढग आपल्या माथ्यावर रिते करून घेतो. त्याच्या पूर्वेच्या छायेत पडलेल्या शिरूर व दौंड तालुक्यांस वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटरच पाऊस लाभतो, तोही लहरीने. अशा भूमीवर दाट झाडी उगवावयाची नाही, हा काही तिचा दोष नव्हे. निर्मात्याने तिला तिच्याजोगे अलंकार दिले आहेत: पवन्या, मारवेल व कुसळी ही गवते, बोर, बाभूळ, हिवर, नेपती व तरवड ही झाडेझुडपे, गवतातून उंच उडून गात राहणारा चंडोल, सांजसकाळी पाण्यावर उतरणारी पखुर्डी, रात्री अपरात्री ओरडणारी टिटवी, चिंकारा, खोकड, तरस व लांडगा. माळढोक या थोर पक्ष्याचे तर नावच माळावरून पडले आहे. आता तो महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे, हे लिहिताना मन विषण्ण होते.

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी व पलीकडचे निघोज यांच्यामध्ये कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, ते आमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. काळ्या कातळात पुराच्या भोवऱ्यांनी लहानमोठे गोटे गरगरा फिरवीत हजारो वर्षांत हे रांजण कोरले. छिन्नी पाण्याची, हातोडा गोट्यांचा आणि काळ मात्र देवाचा! तेथे घटकाभर शांत उभे राहिले, म्हणजे एका जन्मात सर्व काही उरकून टाकू पाहणारे आपले मन आपोआप लीन होते. आमच्या शेजारधर्मीयांसही हे एकांताचे मोल पूर्वापार ठाऊक आहे. देहूचे संत तुकाराम महाराज चिंतनासाठी भंडारा डोंगरावर जात, आणि त्यांची पालखी आजही दरसाल यवत व वरवंड या दौंड तालुक्यातील मुक्कामांवरून पंढरपुराकडे जाते.

परंतु माळाची केवळ स्तुती करून आम्ही थांबलो तर ती अर्धी गोष्ट होईल. ज्या माउलीने डोक्यावर हंडा घेऊन कोसभर पायपीट केली आहे, तिला माळाचे सौंदर्य सांगावयास जाणे शोभत नाही. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यात माणसे व गुरे या माळांवरच तडफडून मेली. पुण्याहून दौंडवरून दिक्सळपर्यंत लोहमार्ग १८५८ सालीच झाला होता. दौंडहून मनमाडला जाणारा मार्ग १८७८ साली खुला झाला, आणि त्याचे मातीकाम करावयास दुष्काळाने घर सोडावे लागलेले मजूर लागले होते. आज त्या मार्गावरून आरामात प्रवास करताना, कोणत्या भुकेल्या हातांनी हा भराव घातला याचे स्मरण आपण ठेवावे. त्या दुष्काळानंतरच्या वर्षांत येशूसंघाचे धर्मगुरू अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, खेड्यापाड्यांत गेले. केंदळ, वळण, संगमनेर, राहुरी ही नावे आमच्यातील अनेक कुटुंबांच्या घरी वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेली आहेत. १८८६ साली पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली. गावकुसाबाहेर ठेवलेल्या, भुकेने व अवहेलनेने गांजलेल्या आमच्या पूर्वजांनी जो देव स्वीकारला, तो त्यांस दुष्काळाच्या अरण्यातच भेटला. म्हणून आमच्या लेखी अरण्य हे सुखाने फिरावयास जाण्याचे ठिकाण नाही. जेथे आपले काही चालत नाही आणि देवावाचून कोणी उरत नाही, ते अरण्य.

या भूमीवरील साध्या माणसास ही गोष्ट आमच्या आधीपासून कळली होती, असे दाखविणारी एक खूण शिरूर येथे आहे. घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती, त्या काळी कर्नल विल्यम वॉलेस हे अधिकारी १८०९ साली तेथे मरण पावले. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात अशी नोंद आहे की, आसपासचे हिंदू गावकरी त्यांस सत्पुरुष मानीत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्यांच्या कबरीपाशी आणीत. मृत मनुष्यास नैवेद्य दाखविणे आमच्या धर्मशिकवणीत बसत नाही, हे खरे. तथापि खळ्यावरचे पहिले धान्य स्वतःच्या कणगीत न टाकता आधी कोणापुढे तरी ठेवावे, या त्यांच्या भावनेला आम्ही मनःपूर्वक वंदन करतो. लहरी पावसाच्या मुलखात पीक आले तर ते केवळ आपल्या घामाने आले, असे म्हणण्याची छाती शेतकऱ्यास होत नाही. पवित्र शास्त्रातही इस्राएलाने प्रथम उपजाची टोपली देवापुढे आणावी, अशीच आज्ञा आहे. आणि दर मिस्सेत वेदीवर ठेवली जाणारी भाकर व द्राक्षारस ही भूमीचीच फळे होत.

याच कोरड्या भूमीवर आमच्या काळात एका येशूसंघीय धर्मगुरूने सृष्टीभक्ती कशी हातांनी करावयाची असते ते दाखविले. फादर हर्मन बाखर हे १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आले आणि त्यांनी आपल्या आयुष्याची अनेक दशके अहमदनगर परिसरातील शेतकऱ्यांत घालविली. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला. खडी फोडून पोट भरेल, परंतु पुढचा दुष्काळ टळणार नाही. त्याकरिता पडेल तो पाऊस पडेल तेथेच मुरवावा लागेल, असा विचार त्यानंतरच्या काळात पुढे आला, आणि फादरांनी तो मनावर घेतला. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर खणावे, बांधबंदिस्ती करावी, झाडे लावावी, आणि गावाने एकमताने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून श्रमदान करावे, अशी ती रीत होती. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासमवेत या कार्यासाठी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या उजाड गावांत गवत परत आले, विहिरींस पाणी आले. २०२१ साली फादर देवाघरी गेले. या रीतीचे मर्म आम्हांस असे दिसते की, तिच्यात मनुष्य प्रथम आपला हात आवरतो. कुऱ्हाड खाली ठेवावी, गुरे काही काळ बांधून घालावी, म्हणजे माळ आपल्या अंगच्या सामर्थ्याने सावरतो. निर्मात्याने ते सामर्थ्य त्यात ठेवलेलेच आहे.

येथे आम्ही मूळ मुद्द्यापाशी येतो. वाचकहो, आपण हा जो महोत्सव साजरा करीत आहोत, त्याचे मूळ लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. मराठी पवित्र शास्त्रात त्यास योबेल म्हटले आहे. तो शब्द मेंढ्याच्या शिंगावरून आला, कारण ते शिंग फुंकून त्या वर्षाची द्वाही फिरवीत असत. सात गुणिले सात वर्षे सरल्यावर येणाऱ्या त्या पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळे, दास मुक्त होई, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्याच अध्यायात आणखी एक आज्ञा आहे: त्या वर्षी पेरू नये, कापू नये, भूमीस विसावा द्यावा. दर सातव्या वर्षाच्या विसाव्याविषयी बोलताना शास्त्र असेही सांगते की, आपोआप उगवेल त्यावर दीनदुबळ्यांचा व रानातल्या पशूंचाही वाटा आहे.

आमच्या मायबोलीत रान या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शेतकरी सकाळी रानात जातो तेव्हा तो स्वतःच्या नांगरलेल्या शेतात जातो. आणि लांडगा रानात राहतो तेव्हा ते कोणाचेही नसलेले रान असते. योबेल वर्ष आले म्हणजे पहिले रान दुसऱ्या रानात मिळून जाई. वर्षभर नांगर थांबे, बांध असून नसल्यासारखा होई, आणि पेरणारा मनुष्य हातांची घडी घालून पाही की, आपण हात लावला नाही तरी पृथ्वी उगवते. जमीन माझी आहे, तुम्ही तिच्यावर पाहुणे आहात, असा देवाचा निरोप त्यास डोळ्यांनी वाचावयास मिळे. ज्युबिली म्हणजे केवळ मंडप, मिरवणूक व भोजन नव्हे, हे आम्हांस आमच्या मराठी शब्दानेच शिकवावे, ही केवढी कृपा!

असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या बंधूंस सांगत की, मठाच्या बागेत सर्वच जागी भाजी लावू नका. एक कोपरा तसाच राहू द्या, तेथे रानफुले उगवतील व पाहणाऱ्यास देवाची आठवण होईल. १२२५ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्यांनी सूर्यास भाऊ व पाण्यास बहीण म्हणून आपले सृष्टिगीत रचिले. त्याच गीताच्या आरंभीच्या शब्दांवरून पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकास ‘लाउदातो सी’ हे नाव दिले आणि पृथ्वीस आपले सामाईक घर म्हटले.

आज आमच्या माळाची स्थिती काय आहे? खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंडच्या रानांस पोहोचले, ऊस आला. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि आमच्यापैकी अनेकांच्या चुली त्यांवर पेटतात. याबद्दल आम्ही कृतघ्न नाही. परंतु कूपनलिका दरसाल खोल जात आहेत, गायराने आक्रसत आहेत, आणि जो माळ उरला त्यास आम्ही पडीक म्हणतो. सातबाऱ्यावर तर लागवडीस न येणाऱ्या जमिनीची नोंद पोटखराबा अशी होते. अरण्यात मान्ना त्या दिवसापुरता मिळे, आणि लोभाने साठविलेल्यात किडे पडत. उद्याच्या लेकरांचे पाणी आज उपसणाऱ्या आम्हांस ही गोष्ट लागू नाही काय? उलट, दौंडला लागून असलेल्या सुपे येथे १९९७ साली सुमारे पाच चौरस किलोमीटरचा माळ चिंकाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला व त्यास मयूरेश्वर अभयारण्य म्हणतात. अभयाचे अरण्य! प्रभू वनपशूंसवे राहिला त्या चाळीस दिवसांस याहून सुंदर नाव कोणते देता येईल?

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने आमची धर्मग्रामातील सर्व बंधुभगिनींस दोनच नम्र विनंत्या आहेत. पहिली अशी की, मंदिराच्या अथवा दफनभूमीच्या आवारातील एक तुकडा नांगर, फरशी व विळा यांपासून मुक्त ठेवावा. तेथे कुसळी व तरवड उगवू द्यावी, टिटवीने अंडी घातली तर घालू द्यावी. आमचे मृतजन ज्या मातीत पुनरुत्थानाची वाट पाहत निजले आहेत, त्या मातीने आपल्या इच्छेने फुलावे, यात त्यांचा अनादर नाही. दुसरी अशी की, उपवासकाळात प्रत्येक कुटुंबाने निदान एका सांजवेळी मुलाबाळांसह गावाबाहेरच्या माळावर जावे, काही न बोलता थोडा वेळ बसावे व मग प्रार्थना करून परतावे. तेथे एखादा धनगर मेंढरे वळवीत असेल तर त्यास रामराम करावा. मोशे व दाविद यांचा धंदा तोच होता.

परमेश्वराने आमच्या धर्मग्रामावर आजवर जी कृपा केली, तिची साक्ष हे मंदिर देत राहो. ज्या माळावर आमचे वाडवडील भुकेले चालले व ज्याने त्यांस देवाच्या दारापर्यंत आणले, तो माळही आमच्या नातवंडांस देवाची हाक ऐकविण्याइतका शिल्लक राहो, हीच प्रभुचरणी प्रार्थना. आमेन.